पुढे ढकललेल्या तारखा

‘मॅडम, मागच्या महिन्यात माहे दोन चोवीस आले ना, तो माहा दुसरा दिवस होता,’ समीक्षा म्हणाली आणि बुटाची लेस सोडायला खाली वाकली. पाणी हवं का, असं विचारावं तितक्या सहज. दुसरा दिवस म्हणजे पाळीचा दुसरा दिवस. गुरुवारची संध्याकाळ, अमडापूरच्या आमच्या शाळेचं मैदान, आणि माझ्या हातातल्या घड्याळात आठशे मीटरला दोन मिनिटं तेहतीस सेकंद. रविवारी बुलडाण्याला निवड, आणि पोरगी महिन्यात नऊ सेकंदांनी मागे आलेली. तिला झापायला मी तोंड उघडलंच होतं. ‘थापा मारू नको,’ मी म्हणाले, ‘तू तर तारीख वीस सांगितली होतीस.’ तर म्हणते, ‘ते म्या खोटं सांगतलं होतं. खरी तारीख सांगतली असती तं तुम्ही गोळी देल्ली असती.’ अठरा वर्षं झाली मला इथं खेळाची मॅडम होऊन. मुली मला घाबरतात, मागे माझी नक्कल करतात, माझ्या चालण्याला काय काय नावं ठेवतात तेही मला ठाऊक आहे. पण कुणी मला फसवून जास्त जोरात धावलं, असं कधी झालं नव्हतं. ‘मंग या वेळी काऊन घेतली व गोळी?’ मी विचारलं. रागावले की माझी भाषा घरची होते. ‘या वेळी तुम्ही आईले तारीख इचारली. आन् गोळी तोंडात टाकेपर्यंत समोर उभ्या राह्यल्या. काल संध्याकाळी एक, आज सकाळी एक. अंग जड झालं मॅडम. छाती दुखून राह्यली. दुसऱ्या चक्करले हवाच भेटत नाही.’ मी म्हणाले, ‘मनाचे खेळ असतात ते. घरी जा, जेव, रात्रीची गोळी घे.’ ती गेली. सायकल घेऊन गेली.

तारखा पुढे ढकलणं हे माझं काम आहे. पगारपत्रकावर ते लिहिलेलं नसतं, एवढंच. क्रीडा साहित्याच्या खोलीत लोखंडी कपाट आहे, त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कॅलेंडर, आणि त्यावर रंगीत स्केचपेनच्या खुणा. हिरवी समीक्षाची, निळी अमीनाची, जांभळी अजून कुणाची. आमच्या हेडसरांना वाटतं तो व्हॉलीबॉलचा हिशेब आहे. कुणाची खूण स्पर्धेच्या आसपास आली की तीन दिवस आधी मी चिखलीला शाकिरभाईंच्या मेडिकलवर जाते. शाकिरभाई कागदात गुंडाळून देतात आणि काउंटरवरून हळूच म्हणतात, ‘मॅच आली वाटते मॅडम.’ त्यांच्याकडे या गोळ्यांचे हंगाम ठरलेले. रमजानच्या आधी, तीसही रोजे अखंड व्हावे म्हणून बाया नेतात. भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या आधी नेतात, कारण घरात सोवळ्याचा स्वयंपाक आणि सून बाहेरची बसून चालत नाही. लग्नसराईत नवऱ्यामुलीची आई नेते. आणि मधल्या सगळ्या रिकाम्या महिन्यांत मी. अल्लाला, देवीला आणि आठशे मीटरला, सगळ्यांना बाई कोरडी लागते, असं मी एकदा गमतीनं बोलून गेले होते आणि शाकिरभाईंची बायको समीना काउंटरमागे तोंडाला पदर लावून हसली होती. मीही हसले होते. त्या हसण्याचा गुरुवारी संध्याकाळी, स्कूटी चालू करताना, मला भयंकर राग आला.

राग नेमका कुणाचा ते कळेना. चिखलीच्या रस्त्याला लागले, दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, आणि डोक्यात एकच आकडा: नऊ सेकंद. नऊ सेकंदांत पोरगी पन्नास मीटर मागे राहते. पन्नास मीटर म्हणजे आमच्या शाळेच्या नळापासून फाटकापर्यंत. दोन गोळ्यांनी असं होतं? होत नसेल. ती दमली असेल, जेवली नसेल, कुणी पोरगं मागे लागलं असेल. सतरा वर्षांच्या पोरीला नऊ सेकंद मागे यायला हजार कारणं. पण हवाच भेटत नाही, हे तिनं म्हटलं आणि माझ्या छातीत काहीतरी ओळखीचं झालं. ते शब्द मला माहीत होते. मी ते कुणाला बोलले नव्हते एवढंच.

मी दहावीत होते तेव्हा बुलडाण्यालाच, जिल्ह्याच्या स्पर्धेत, पांढऱ्या चड्डीवर माझा डाग पडला. तिसऱ्या नंबरला होते. बांधावर बसलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, आधी वाटलं मला चढवताहेत, मग वाटलं नाही, आणि मी बसले. धावता धावता ट्रॅकवर बसले. बाकीच्या पोरी माझ्या बाजूनं निघून गेल्या, चुन्याची धूळ माझ्या तोंडावर आली, आणि कुणीही आलं नाही. आमचे सर पुरुष, ते दुसरीकडे बघत उभे. मी किती वेळ बसले होते कोण जाणे. कुणीतरी यावं, काहीतरी अंगावर टाकावं, एवढंच मला वाटत होतं. शर्यत वगैरे गेली चुलीत. पुढच्या वर्षी अमरावतीला विभागाची स्पर्धा होती आणि तिच्या तीन दिवस आधी आमच्या घरी महालक्ष्म्या. माझ्या आईनं, रुक्मिणीबाईनं, मला गोळ्या दिल्या. स्पर्धेसाठी नाही हो, पुरणाला हात लागायला हवे होते म्हणून. मी पुरण वाटलं, सोळा भाज्या चिरल्या, आणि त्याच गोळ्या खात अमरावतीला गेले. पाचवी आले. दुसऱ्या फेरीला अंग कणकेच्या गोळ्यासारखं झालं होतं, आतून नुसतं गरम, आणि हवा भेटत नव्हती. घरी आले तर आईनं पहिलं विचारलं, ‘डाग नाही ना पडला?’ मी म्हटलं, नाही. ‘मंग झालं तं.’ आणि खरं सांगते, हरल्याचं दुःख माझ्याकडे संध्याकाळपर्यंत टिकलं असेल, पण डाग नव्हता याचा आनंद मला वर्षभर पुरला. आपल्यात दम नाही, असं मी ठरवून टाकलं. बी.पी.एड. केलं, शिट्टी गळ्यात घातली. चोवीस वर्षं मी हे वाक्य खरं मानून जगले की गीताच्या, म्हणजे माझ्या, अंगात दम नव्हता.

रस्त्याच्या कडेला स्कूटी लावली आणि काजलला फोन केला. काजल माझी जुनी मुलगी, सात-आठ वर्षांपूर्वीची, मैदानावर तिच्यासारखी दौड मी पुन्हा पाहिली नाही. अकरावीत तिनं एकाएकी सोडलं. आता एस.टी.त कंडक्टर आहे, देऊळगाव राजाची गाडी करते. मागे गाडीचा खडखडाट, तिकिटाच्या मशीनचा आवाज. ‘काजल, तुला माझ्या गोळ्यांनी काही व्हायचं का गं?’ तिला क्षणभर कळलंच नाही कोणत्या गोळ्या. मग हसली. ‘आता इचारता का मॅडम?’ ‘हाव, व्हायचं ना. पाय शिशाचे व्हायचे. वकाऱ्या यायच्या. आता दोन लेकरांवर मी पोरं न होण्याच्या गोळ्या घेते, आमच्या गावच्या आशा वर्करनं देल्लेल्या, त्यानं मले काहीच होत नाही. पण तुमच्या त्या गोळ्या... बाप्पा.’ मी म्हटलं, ‘मग सांगायचं नाही का तेव्हा?’ तर काजल म्हणाली, रागानं नाही, सुट्टे पैसे परत करावे तसं म्हणाली, ‘सांगतलं होतं ना मॅडम. तुम्ही म्हणे, नाटकं करू नको.’ मग तिचा स्टॉप आला आणि तिनं फोन ठेवला. म्हटलं असणार मी. मी सगळ्यांनाच म्हणते. आत्ता अर्ध्या तासापूर्वीही म्हटलं होतं, शब्द वेगळे होते. मी तिथंच उभी राहून समीक्षाला फोन लावला आणि म्हटलं, रात्रीची गोळी घेऊ नको. ‘आन् मंग रविवारी आली तं?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘आली तर आली.’

शुक्रवारी अर्धी रजा टाकून चिखलीच्या लेडी डॉक्टरकडे गेले. पस्तिशीतली बाई, तोडून बोलणारी, पण ऐकून घेणारी. मी विचारलं, या गोळीनं पळणं मंदावतं का? ती म्हणाली, पाळीच्या आधी अंगात जे हार्मोन वाढतं त्याच जातीचं या गोळीत असतं. कुणाच्या अंगात पाणी धरतं, अंग तापतं, धाप लागते, आणि कुणाला ढिम्म काही होत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. अभ्यास झालेत, त्यांत सगळ्या बायांचा हिशेब एकत्र केला तर फरक फार थोडा दिसतो. ‘पण सगळ्या बाया एकत्र कधी धावतात?’ असं ती म्हणाली. पाळीच्या पहिल्या दिवसांत कित्येक खेळाडू बाया उत्तम धावतात आणि कित्येकींना पोटदुखीनं उभं राहवत नाही. कोण कुठल्या जातीची, ते जिचं तिनं लिहून ठेवूनच कळतं. गोळी सोडली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. ‘म्हणजे रविवारी.’ ‘रविवारी, सोमवारी. वेळापत्रक नसतं त्याला.’ आणि मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, ‘तुमच्याकडे तारखाही आहेत आणि टायमिंगही आहे म्हणता. अठरा वर्षांचं. ते शेजारी ठेवून काय दिसलं?’

काय दिसणार. मी ते शेजारी ठेवलंच नव्हतं. तारखा कपाटाच्या दाराला, आतून, कुणी बघू नये म्हणून. टायमिंगचं रजिस्टर टेबलावर, सगळ्यांनी बघावं म्हणून. मध्ये चार पावलांचं अंतर. दुपारी शाळेत परत आले, खोलीला आतून कडी लावली, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि पहिल्यांदा त्या दोन वस्तू एका टेबलावर ठेवल्या. जुनी कॅलेंडरं तर मीच दर जानेवारीत जाळत आले होते, पुरावा राहू नये तशी. उरलं होतं ते याच वर्षाचं. त्यात समीक्षाचं हिरवं: खोट्या खुणा सोडून तिला आत्ता फोन करून विचारलेल्या खऱ्या तारखा लावल्या, तर पहिल्या चार दिवसांत ती दर महिन्याला झकास. अमीनाचं निळं बरोबर उलटं, पहिल्या दोन दिवसांत ती मैदानावर नुसती पोट धरून. तिला गोळी लाभत असेलही. जांभळ्या मुलीचं काहीच लागेना, कधी वर कधी खाली. मला वाटलं होतं एक काहीतरी निघेल, की गोळी वाईट, की गोळी चांगली, म्हणजे मला नीट रडता तरी येईल. काही निघालं नाही. प्रत्येक पोरीचं अंग निराळं निघालं आणि मी सगळ्यांना एकच पुडी वाटत आले. काजलचा कागद जळाला होता. माझाही कधी कुणी लिहिलाच नव्हता. अमरावतीला मी कशानं हरले ते आता कुणी सांगू शकत नाही. गोळीनं? पुरणानं? की दमच नव्हता? खुर्चीवर बसवेना, उभं राहवेना. मी खोलीत फेऱ्या मारत राहिले आणि बाहेर पोरी कडी वाजवत होत्या, मॅडम, बॉल द्या, मॅडम.

संध्याकाळी स्टँडजवळ समीक्षाच्या आईला, आशाबाईला गाठलं. ती स्वतःच्या वावरातली वांगी, मेथी घेऊन बसते. पोरीची तारीख मी तिच्याकडूनच काढून घेतली होती, तेव्हा तिला सांगणं भाग होतं. म्हटलं, गोळी बंद केली आहे, रविवारी पाळी येऊ शकते, चालेल ना? ती मेथीच्या जुड्या बांधत होती, बांधतच राहिली. ‘काऊन नाही चालणार? त्या दिवसांत आमी वावरात भाजी तोडतच राह्यतो ना मॅडम. वावरात कोणी इचारते का कितवा दिवस हाय म्हून?’ मग थोडं थांबून, ‘तिचं होईल ना पण रविवारी?’ रविवारच्या निवडीतून पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात विभागाच्या तीन मुली घेणार होते. पुढच्या वर्षी समीक्षाचं वय बसत नव्हतं. हे आशाबाईला माहीत होतं, मला माहीत होतं. मी म्हणाले, होईल. तिनं मेथीची एक जुडी माझ्या पिशवीत घातली, नको नको म्हणताना.

शनिवारी पाळी आली नाही. रविवारी सकाळी बुलडाण्याला पोहोचलो तरी आली नाही. मी दर पंधरा मिनिटांनी डोळ्यांनीच विचारायची आणि ती मान हलवायची, शेवटी वैतागली. ‘मॅडम, तुम्ही पाणी प्या बरं.’ तिनं पॅड लावलं होतं, मला माहीत होतं, मीच दिलं होतं. निवडीला नऊ मुली. शाळेची चड्डी फिकट निळी. मी किती वर्षं रंग बदला म्हणून अर्ज देतेय, ते वेगळंच. ट्रॅकला दोरी बांधलेली, मी शेवटच्या वळणावर दोरीपाशी उभी राहिले, तिथून शेवटचे दीडशे मीटर दिसतात. शिट्टी झाली. पहिल्या फेरीला ती पाचवी, पण कशी, खांदे सैल, तोंड बंद, नाकानं श्वास. माझ्या घड्याळात एक दहा. मी ओरडले नाही. दुसऱ्या फेरीला समोरच्या बाजूला तिनं एकीला मागे टाकलं, मग अजून एकीला. तिसरी. तिसरी! माझ्या डोळ्यांना पाणी आलं, मी सांगते, खोटं कशाला बोलू, मी मनात सगळ्या देवांची नावं घेतली. आणि ती वळणावर आली, माझ्याकडे पाठ होत गेली, आणि मला डाग दिसला. मोठा. फिकट निळ्यावर.

मी विचार केला नाही. एवढंच सांगू शकते की केला नाही. ओढणी अंगावरून कधी निघाली, ती दोन हातांत पसरून मी दोरीखालून कधी वाकले, मला माहीत नाही. मी पळत होते, दोरीच्या आतून, तिच्या बाजूनं, ओढणी पुढे धरून, लहान लेकरू न्हाऊन आल्यावर टॉवेल धरतात तशी. एक पंच ओरडला, ओ मॅडम. समीक्षानं मान वळवली. माझ्याकडे बघितलं, ओढणीकडे बघितलं. आणि तिचा उजवा हात मागे गेला. दोन पावलं, फार तर तीन. हात मागे, चड्डीवर. मग तिनं तो झटकून पुढे घेतला आणि जीव तोडून धावली, पण मागची मुलगी तेवढ्यात खांद्याला लागली होती.

चौथी आली. दोन मिनिटं बावीस पूर्णांक सहा. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं टायमिंग. तिसरीचं दोन बावीस पूर्णांक दोन. माईकवरून तीन नावं वाचली, पुढे टाळ्या वाजल्या, मग कुणीतरी लांब उडीच्या मुलींना बोलावलं.

ती मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीमागे बसली होती. कमरेला माझी ओढणी होती, तिनं ती माझ्या हातातून काढून घेऊन गुंडाळली होती. आशाबाई अमडापूरला फोनची वाट बघत असणार. मी शेजारी बसले. ती गुडघ्यावरची माती नखानं काढत राहिली. मग म्हणाली, ‘मॅडम, त्या दोन गोळ्या नसत्या घेतल्या तं आली असती का व तिसरी?’

किती सोपं होतं. हो म्हणायचं. गोळ्यांवर ढकलायचं, जन्मभर गोळ्यांचा पश्चात्ताप करत बसायचं, शाकिरभाईंच्या दुकानापुढून मान खाली घालून जायचं. पोरीला कारण मिळालं असतं, मलाही.

‘गोळीचं मले माहीत नाही,’ मी म्हणाले. ‘कोणालेच माहीत नाही. पण म्या ओढणी घेऊन धावली तवा तुहा हात मागे गेला. तिथं गेले ते सेकंद. माह्यामुळे गेले समीक्षा.’

तिनं माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती. विचार करत होती, वळणावरची ती दोन पावलं पुन्हा मोजत असावी.

‘मले तं माहीतच नव्हतं मॅडम, डाग पडला म्हून,’ ती म्हणाली. ‘तुमच्या तोंडाकडे पाह्यलं तवा समजलं.’